आंतरवासितेत गणिताचा पाठ सपशेल फसला: भरतीचं कोष्टक, ३.७५ आणि गेलेली लाईट

खाडीपल्याड (सोमवार, रात्री ९:५२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहे (घरी नि गावात अजून सगळे डी.एड.च म्हणतात). आंतरवासिता (खऱ्या शाळेत शिकवायचा सराव) चालू आहे, शाळा दापोली-गुहागर पट्ट्यात खाडीच्या काठाला, नाव नको. पट एकतीस, सहावीत आठ मुलं, त्यातली पाच खारव्यांची, म्हणजे मासेमारीवाल्या घरांतली. बारावी आर्ट्स, म्हणजे गणिताचा आणि माझा संबंध दहावीलाच संपलेला, आणि आता अचानक अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायचा, तोही निरीक्षणाचा पाठ. तर म्हटलं काहीतरी इथलं घेऊया. माझे आजोबा होडीवाले. त्यांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. मस्त ना? मला वाटलं पाठ गाजणार.

दोन रात्री जागून पीपीटी केली, चंद्र फिरतोय, पाणी वरखाली होतंय, सगळं. कोष्टक स्प्रेडशीटमधे केलं आणि उचलून स्लाईडवर टाकलं. पाठाच्या दिवशी आधी केबल टीव्हीला लागेना, लागली तर आवाज येईना, शेवटी सातवीतल्या एका मुलाने रिमोट घेऊन सोर्स बदलून दिला तेव्हा चित्र आलं. निरीक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसलेले. माझे हात थंड.

कोष्टक आलं. चतुर्थी ३, पंचमी ३.७५, षष्ठी ४.५. मी मोठ्याने वाचलं, "पंचमीला तीन पंचाहत्तरला भरती." एक मुलगा खुदकन हसला. म्हणाला, "बाई, पंचाहत्तर मिनटं कुठल्या घड्याळात?" मला दोन सेकंद खरंच कळेना की तो का हसतोय!! मग लाईट गेली. मी मनातल्या मनात एमएसईबीचे आभार मानले.

पण खरा घाव पुढेच. खडू घेऊन फळ्यावर पंधरा तिथ्या लिहिल्या. पौर्णिमा, पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक गुणिले पाऊण, म्हणजे बारानंतर पाऊण तास, बारा पंचेचाळीस. तोच मुलगा परत. "बाई, रोज पाऊण तास पुढे सांगितलंत ना. मग सव्वाअकराचा दुसऱ्या दिवशी पाऊण कसा झाला? हा तर दीड तास."

मी म्हटलं, ते आपण नंतर बघू.

निरीक्षण वहीतला शेरा: विषयज्ञान वाढवावे. तंत्रज्ञानाचा वापर समाधानकारक. (टीव्ही चार मिनिटं चालला होता.)

घरी येऊन आजोबांना विचारलं, ते म्हणाले "पुनवेला बाराला भरती, त्यात काय इचारायचं, हिशोब मधला दिवस असला तर करायचा." मला दोन प्रश्न आहेत. एक, त्या मुलाला काय उत्तर देऊ. दोन, तुम्हाला कुणाला असं झालं होतं का, की वर्गात उभं राहिलं की वाटतं आपल्याला काहीच येत नाही आणि हे आता या आठ जणांना कळणार.

---

कोकमआगळ (सोमवार, रात्री १०:०८)

तीन पंचाहत्तर 😂😂 सॉरी. पण धागा आवडला. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

जुना_खडू (सोमवार, रात्री १०:४१)

बाळ, पहिल्या वर्षी मी चौथीला ६१२ भागिले ६ चं उत्तर बारा लिहिलं होतं, फळ्यावर, मोठ्या अक्षरात, आणि वर दोनदा अधोरेखित केलं होतं. एकाही पोराने काही म्हटलं नाही कारण त्यांचंही बाराच आलं होतं. संध्याकाळी पोस्टात गेलो तिथे पैसे मोजताना डोक्यात आलं की सहाशे रुपये सहा जणांत वाटले तरी शंभर शंभर येतात, बारा कुठून. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्या झाल्या सांगितलं की काल मास्तर चुकले, कुठे चुकले शोधा. तो तास मला अजून आठवतो. एका मुलीने सांगितलं, गुरुजी दशकाचा एक होता तो सहा जणांत वाटता आला नाही तर तिथे कुणाला काहीच मिळालं नाही असं लिहायला पाहिजे होतं ना. शून्य म्हणजे "या घरात कुणाला काही मिळालं नाही". असं वाक्य मला डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं मी तेच वाक्य वापरलं आणि शाबासकी स्वतः घेतली.

तुझं "नंतर बघू" चुकीचं नाही. उद्या जाऊन बघितलंस तर. नाही बघितलंस तर मात्र तो मुलगा परत विचारणार नाही.

टीव्ही, पीपीटी वगैरे मला विचारू नको. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ होते, तुझ्या आजोबांचा हिशोब म्हणजे सरळ पाऊणकी आहे. पंधरा पाऊण सव्वाअकरा. कॉम्प्युटरने त्याचं ११.२५ केलं आणि घोटाळा झाला.

---

सड्यावरचा (सोमवार, रात्री ११:१५)

गुरुजी, सहमत पण थोडा असहमत. घोटाळा कॉम्प्युटरने नाही केला, त्याने बरोबरच सांगितलं, ३.७५ तास. तास आणि मिनिटं साठाची आणि दशांश शंभराचा हे ताईंना त्या क्षणी सुचलं नाही एवढंच.

ताई, शीटमधे वेळ ही दिवसाचा भाग म्हणून ठेवलेली असते. म्हणजे दुपारचे बारा म्हणजे ०.५, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. त्यामुळे तुमच्या उत्तराला २४ ने भागा आणि त्या रकान्याचा फॉरमॅट वेळेचा करा, ३.७५ चं आपोआप ३:४५ दिसेल. आणि हे मुलांसमोरच करा, मुद्दाम आधी ३.७५ दाखवा. सहावीला अपूर्णांक, दशांश अपूर्णांक आणि घड्याळ एकाच ठिकाणी परत कधी सापडणार.

मी लातूरकडचा, २०२४ ला इकडे जॉईन झालो. भरती-ओहोटी फक्त भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली. पहिल्या आठवड्यात समुद्रावर चप्पल काढून ठेवली ती गेली. तेव्हापासून वर्गातली पोरं मला रोज सकाळी भरतीची वेळ सांगतात, काळजीपोटी 😄 खोटं नाही सांगत, या पोरांना माझ्याआधी पाऊणपट येत होती, फक्त ते गणित आहे हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

---

देवगडचो_झिल (मंगळवार, सकाळी ७:२०)

आमच्या शाळेतलो स्मार्ट टीव्ही कपाटात हा, कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे हा, आणि मुख्याध्यापक मिटिंगेक गेलेत. तंत्रज्ञानाचो वापर समाधानकारक.

---

अध्यापकाचार्य (मंगळवार, दुपारी १:३०)

मी एका अध्यापक विद्यालयात गणिताच्या अध्यापनाचा विषय घेते, कुठलं ते सोडा. धागाकर्तीचं शेवटचं वाक्य वाचून थांबले कारण दरवर्षी जुलैमधे हेच ऐकते, फक्त मुली ते हसत सांगतात, "मॅडम मला गणित सोडून काहीही द्या".

दोन गोष्टी अभ्यासातल्या सांगते, कंटाळू नका. २०१० साली शिकागोत बायलॉक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या १७ शिक्षिका आणि त्यांचे वर्ग. ज्या बाईंना स्वतःला गणिताची धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींचं गणित वर्षअखेरीस मागे पडलेलं दिसलं, मुलांचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला असा काही संबंध नव्हता. आणि "मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात" असं मानणाऱ्या मुलींमधेच तो परिणाम दिसला. म्हणजे भीती शिकवावी लागत नाही, ती बघून बघून लागते.

दुसरी, लिपिंग मा यांचा १९९९ चा. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना १¾ भागिले ½ करायला दिलं आणि त्यावर एक गोष्ट रचायला सांगितली. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी जणांना उत्तर पूर्ण बरोबर आलं, चीनमधल्या सगळ्यांना आलं. गोष्ट अमेरिकेत जवळपास कुणालाच धड जमली नाही, बऱ्याच जणांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोन जणांत वाटून टाकलं. मी हे माझ्या वर्गात दरवर्षी देते. उलटा करा आणि गुणा, हे सगळ्यांना येतं. गोष्ट सांगा म्हटलं की शांतता. गेल्या वर्षी एकीने सांगितलं, पावणेदोन लिटर कोकमाचं आगळ आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत भरायचं, किती बाटल्या. साडेतीन. वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि ती मुलगी सगळ्यांत कमी बोलणारी, घरी खरंच आगळ विकतात.

तंत्रज्ञानाचंही तसंच. या मुली रील एडिट करतात, ट्रान्झिशन लावतात, पण शीटमधे सरासरी काढ म्हटलं की "मॅडम मला कॉम्प्युटर नाही येत". येतो. वर्गासमोर अडकण्याची भीती वाटते. आणि ही तीच भीती आहे जी गणिताची आहे, दोन वेगळ्या नाहीत, म्हणून एकाच तासात दोन्ही आले की दुप्पट होते. आम्ही मात्र तासिका वेगळ्या ठेवतो, गणित एक, आयसीटी (संगणक-तंत्रज्ञान) एक. आयसीटीत काय तर पीपीटीत ॲनिमेशन कसं टाकायचं. मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मधे लिहून ठेवलंय की विषय, शिकवण्याची पद्धत आणि तंत्र ही तिन्ही एकमेकांत गुंफलेली असतात, टीपॅक म्हणतात त्याला. परीक्षेत त्यावर टीप लिहा असा प्रश्न आला तर सगळ्यांना पैकीच्या पैकी.

---

चिरेबंद (मंगळवार, दुपारी ३:०४)

मॅडम माफ करा पण हे अमेरिका-चीन राहूदे. इथे मुलं बारावीला पन्नास टक्के घेऊन येतात, दोन वर्षं फाइली कापतात-चिकटवतात, मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पेपर एकला दीडशेतले गणिताला तीस. त्या तीसमधले दहा आले तरी बाकीच्यावर निघून जातात. क्लासवाले ट्रिका शिकवतात. आत्मविश्वास कुठून येणार, विषयच येत नाही. आत्मविश्वास नको, गणित द्या आधी.

---

अध्यापकाचार्य (मंगळवार, दुपारी ३:४०)

चिरेबंद, अर्ध मान्य. विषय यायलाच पाहिजे. पण मी अशाही मुली बघितल्यात ज्यांना टीईटीला गणितात पंचवीस होते आणि फळ्यासमोर एकोणऐंशी म्हणताना ८९ लिहिलं आणि रडल्या. आणि विश्वास कशाने येतो तर मानसशास्त्रज्ञ बांडुरांचं जुनं म्हणणं आहे, स्वतः करून जमलं याच्या तोडीचं दुसरं काही नाही, कौतुक वगैरे फार खाली. जमायला आधी करावं लागतं ना. सराव पाठाला आम्ही पहिल्याच दिवशी निरीक्षक बसवतो, म्हणजे चुकायला जागाच नाही.

---

कोकमआगळ (मंगळवार, संध्याकाळी ५:१२)

एकोणऐंशी काढलंत म्हणून आठवलं, २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन आलं होतं तेव्हा किती शिमगा झाला होता. आता कळतं की बरोबर होतं ते.

---

जुना_खडू (मंगळवार, संध्याकाळी ६:०१)

अजिबात बरोबर नव्हतं. बाजारात गेलं की बावीसच म्हणतात.

---

सड्यावरचा (मंगळवार, संध्याकाळी ६:२२)

गुरुजी, पुस्तकात दोन्ही होतं, बावीस आणि वीस दोन. मंगला नारळीकर बाई समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांचं म्हणणं साधं होतं, लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो, त्यात जोडाक्षरं, मुलं तिथे घाबरतात. माझ्या दुसरीत एक मुलगी आहे, ती सदुसष्ट आणि शहात्तर दोन्हीला ६७ लिहायची. साठ सात म्हटलं की लगेच. मग दोन महिन्यांनी सदुसष्ट पण आलं. मी तर म्हणतो डी.एड.च्या मुलांनाच आधी हे द्या, त्यांनाही एकोणसत्तर-एकोणऐंशीत धाप लागते.

---

संपादक (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

अंकांच्या नावांचा वाद आधीच्या एका धाग्यात तीनशे प्रतिसादांपर्यंत गेलेला आहे. कृपया तिकडे.

---

दर्यावर्दी (मंगळवार, रात्री ९:१७)

मूळ प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही, सगळे आपापलं गाऱ्हाणं घेऊन बसले. मी जहाजावर होतो, आता रत्नागिरीला घरी असतो. सांगतो.

एका अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथ्या. त्या पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बरोबर बारा तास सरकते, बाराला होती ती परत बाराला येते, फक्त दिवसाची रात्रीला आणि रात्रीची दिवसाला. आता बारा तास म्हणजे ७२० मिनिटं, भागिले १५, एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. आजोबांचा हिशोब दर तिथीला तीन मिनिटं कमी धरतो. एका दिवसाला तीन मिनिटं होडीवाल्याला काहीच नाही. पण पंधरा त्रिक पंचेचाळीस, पौर्णिमेपर्यंत बरोबर पाऊण तासाची तूट साठते. म्हणून बाराच्या जागी सव्वाअकरा आले. आणि प्रतिपदेला हिशोब परत एकपासून सुरू, त्यामुळे ती साठलेली तूट एकदम भरून निघते. पाऊण तास रोजचा अधिक पाऊण तास तुटीचा, दीड तास. तुमच्या पोराने पकडलं ते हेच.

खरा अपूर्णांक पाऊण नाही, चार पंचमांश आहे. ४८ भागिले ६०. पंचमीला बरोबर चार वाजता येतील, पावणेचार नाही. पण चार पंचमांश तोंडी कोण करणार, पाऊणकी सगळ्यांना पाठ होती, म्हणून पाऊणपट टिकली.

त्यातही हे सरासरी झालं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, वेळ रोज चाळीस मिनिटांच्या जवळपासच सरकते, आणि भांगाच्या भरतीला, अष्टमीच्या आसपास, तासाच्या वर जाते. शिवाय खाडीत आत शिरलात की समुद्रापेक्षा उशीर. म्हणून तुमच्या शाळेपाशी नक्की किती ते तुम्हीच मोजा. बांबू रोवा, खुणा करा. एक टीप, भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ थबकतं, नेमकी वेळ कळतच नाही. त्यापेक्षा वर चढताना पाणी एका खुणेला कधी लागलं ते लिहा, उतरताना त्याच खुणेला कधी आलं ते लिहा, आणि मधली वेळ काढा.

---

खाडीपल्याड (मंगळवार, रात्री ९:४५)

मी हे तीन वेळा वाचलं. मग वहीत करून बघितलं. मग आईला सांगितलं, तिला कळलं!! मग मला खात्री पटली की मला पण कळलंय. दर्यावर्दी काका, काय बोलू.

---

देवगडचो_झिल (मंगळवार, रात्री १०:०३)

माका वाटला होता आजो चुकलो. आजो चुकलो नाय, आज्यान तीन मिनटां सोडून दिल्यान. ह्या माका सगळ्यात आवडला.

---

चिरेबंद (बुधवार, सकाळी ८:५०)

दर्यावर्दी, दंडवत. आता हे बघा, हेच म्हणत होतो मी, विषय आला की माणूस बोलतो. पण हे ताईंच्या कॉलेजात कुणी सांगितलं असतं का? नाही. नोकरीत असलेल्यांचं पण तेच. सप्टेंबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी शिल्लक त्यांना दोन वर्षांत टीईटी व्हायलाच पाहिजे. आमच्या केंद्रातले वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक आता रात्री मुलांकडून काळ-काम-वेगाची गणितं समजून घेतायत. एक बाई म्हणाल्या मला ऑनलाइन फॉर्म भरायचीच जास्त भीती वाटते, गणित बघू मग.

---

अध्यापकाचार्य (बुधवार, सकाळी ११:१८)

खाडीपल्याड, परत पाठ घेणार असाल तर एक सुचवते. पीपीटी करू नका. आणि एआयकडून पाठाचं टाचण काढून घेऊ नका, माझ्याकडे या वर्षी एकाच पाठाची अकरा टाचणं आली, अकराही टाचणांत मुलं मेट्रोच्या वेळापत्रकावरून अपूर्णांक शिकतायत. आमच्याकडे एसटी वेळेवर येत नाही.

---

जुना_खडू (बुधवार, दुपारी १२:०७)

अवांतर. कापरेकर मास्तर डहाणूचे, १९०५ चा जन्म, आपल्याच किनाऱ्याचे. देवळालीला शाळेत शिकवायचे. त्यांचा ६१७४ मी लाईट गेली की काढायचो. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, परत तेच. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. इथून हलत नाही. जास्तीत जास्त सात वेळा, सात वेळांत येतंच. हातच्याच्या वजाबाकीचा एवढा सराव कुठल्या स्वाध्यायाने पोरं करत नाहीत, कारण प्रत्येकाला आपली संख्या पोचते का बघायचं असतं, आणि सातपेक्षा जास्त वेळा लागल्या तर मधे कुठे चुकलं म्हणून एकमेकांच्या वह्या तपासतात. असं का होतं ते मला पोरांनी विचारलं, मला सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. तसंच सांगितलं त्यांना.

---

सड्यावरचा (बुधवार, रात्री ८:३३)

मस्त गुरुजी. ताई, बांबू रोवायला गेलात तर जेट्टीवर एक मोठं माणूस ठेवा बरोबर, मुलांना पोहता येत असलं तरी. आणि नोंदी मुलांनाच फोनवर शीटमधे भरू द्या, तुम्ही भरू नका. रेंज नसली तरी चालतं, शीट ऑफलाईन ठेवता येते. २०२० ला निसर्ग वादळानंतर इथल्या लोकांनी आठवडेच्या आठवडे विजेशिवाय काढले, आमचे मुख्याध्यापक सांगतात की तेव्हा जो शिक्षक पॉवर बँक घेऊन सड्यावर, वरच्या कातळमाळावर, चढायचा त्याचाच ऑनलाइन वर्ग व्हायचा. म्हणून मी सगळं ऑफलाईनच ठेवतो.

---

खाडीपल्याड (शुक्रवार, पंधरवड्यानंतर, रात्री ९:२०)

अपडेट द्यायला उशीर झाला, पौर्णिमेची वाट बघत होते.

आधी दुसऱ्याच दिवशी वर्गात जाऊन सांगितलं की तू विचारलेलं मला येत नव्हतं, आता अर्धं आलंय. तो काही बोलला नाही, कान लाल झाले त्याचे. मग दर्यावर्दी काकांचा हिशोब फळ्यावर केला. तीन मिनिटांची तूट साठत जाते हे कळायला मला वाटलं होतं वेळ लागेल, एक मुलगी पटकन म्हणाली, भिशीत रोज थोडे कमी टाकले की शेवटी एकदम भरावे लागतात तसं. तिच्या आईची भिशी आहे.

बांबू रोवला. शाळेतले गुरुजी दर वेळी जेट्टीवर येऊन उभे राहिले, त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही, त्यांचे आभार. पौर्णिमेला सोमवारी वर चढताना खुणेला १०:५०, उतरताना १२:२०. आता मधली वेळ कशी काढायची यावर भांडण. एकाने १०:५० आणि १२:२० ची बेरीज करून २२:७० केली आणि निम्मं ११:३५ काढलं, आणि ते बरोबर आलं, आणि मला घाम फुटला कारण पद्धत चुकीची वाटत होती पण उत्तर बरोबर. मी म्हटलं थांबा, मला बघू दे, हे नेहमी चालेल का. (चालतं, पण मिनिटं शंभराची नाहीत हे लक्षात ठेवून. दुसऱ्या दिवशी तासांची बेरीज विषम आली तेव्हा फसलं आणि मग सगळ्यांनी शोधलं का फसलं. अर्धा तास गेला त्यात. निरीक्षक नव्हते, बरं झालं.) तो हसणारा मुलगा म्हणाला, एवढं कशाला, मधे दीड तास आहे, दीडाचा निम्मा पाऊण, दहा पन्नासमधे पाऊण तास घाला. अकरा पस्तीस.

शीटमधे मुलांनी भरलं ते असं, सोमवार ११:३५, मंगळवार १२:१५, बुधवार १२:५०, गुरुवार १:३०. चाळीस, पस्तीस, चाळीस. पाऊण तास पण नाही आणि ४८ पण नाही. वर्गाचं म्हणणं पडलं की आजोबा पण चुकले आणि जहाजवाले काका पण चुकले. मी म्हटलं काका म्हणालेत उधाणाला कमी सरकते आणि भांगाला तासाच्या वर. तर म्हणे, ते अष्टमीला बघितल्याशिवाय मानणार नाही. टीव्ही या वेळी लावलाच नाही, फोन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत होता आणि आलेख काढायचं बटण त्यांनी माझ्याआधी शोधलं.

माझी आंतरवासिता उद्या शनिवारी संपते. अष्टमी मंगळवारी आहे. गुरुजींनी कबूल केलंय की मंगळवारचे आणि बुधवारचे आकडे ते त्यांच्या फोनवरून मला पाठवतील. मुलांनी बांबूला लाल रंगाची नवी खूण केलीये, थोडी खाली, कारण भांगाला पाणी जुन्या खुणेपर्यंत चढणारच नाही असं त्यांचं म्हणणं आहे. हे मला सुचलं नव्हतं.

---

दर्यावर्दी (शुक्रवार, रात्री ९:३१)

बरोबर आहे त्यांचं. मंगळवारचे आकडे इथेच टाका.